टकल्या अस्वलाचं पुढे काय झालं

अण्णा,

टकल्या अस्वलाच्या गोष्टीचा शेवट काय होता? तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली, आणि इतक्या वर्षांनी पत्र लिहायला बसले तर पहिलं विचारते काय, तर अस्वलाचं. आई असती तर म्हणाली असती, बापलेक दोघंही सारखीच. पण मला दुसरं काही सुचत नाहीये. भाजी चिरताना ते अस्वल डोक्यात असतं, अंघोळीला पाणी काढताना असतं, परवा रक्तदाबाची गोळी तोंडात टाकली आणि पाण्याचा पेला हातात धरून मी तशीच उभी. गोष्ट तुमची. वर्षातून दोनतीनदा तरी तुम्ही ती सांगायचात, आणि प्रत्येक वेळी तुमच्या डाव्या हाताला, पायरीवर, गुडघ्याला गुडघा लावून मी बसलेली असायचे. माझ्याइतक्या वेळा ती जगात कुणी ऐकलेली नसेल. आणि मला ती येत नाही. अर्धी येते. सुगरणीपर्यंत येते आणि पुढे सगळं कोरं.

झालं असं की मी आता वाघोलीला राहते. तुमच्या वेळी वाघोली म्हणजे नगर रस्त्यावरचं लांबचं गाव होतं. आता आमच्या खिडकीतून फक्त दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये लहान मुलांच्या पुस्तकांचं एक कपाट आहे. ते सांभाळते एक यवतमाळकडची मुलगी, दिवसभर घरात बसून कंपनीचं काम करते आणि संध्याकाळी ह्या कपाटाचं. तिनं इथे दर हिवाळ्यात एक 'गोष्टींचा रविवार' सुरू केलाय. सकाळी ग्रंथदिंडी निघते. डेकोरेशनवाल्याकडून आणलेली पालखी, तिच्यात मुलांची पुस्तकं, मराठी, हिंदी, इंग्रजी, कुणाचं तरी एक तेलुगूसुद्धा, आणि पुढे पुस्तकातली सोंगं घेतलेली मुलं लेझीम खेळत चाललेली. दिंडी पार्किंगमधून फिरते. कुणाची तरी गाडी मध्ये अडकते आणि तो माणूस हॉर्न वाजवतो, मग त्याची बायको वरून गॅलरीतून त्याला गप्प करते. दुपारी पुस्तकांची अदलाबदल, आणि संध्याकाळी एक मोठी गोष्ट.

ह्या मुलीची सासू आपल्या जुन्या वसाहतीतली निघाली. तुम्हाला आठवेल, तिसऱ्या इमारतीतली दोन वेण्यांची, सगळ्यात पुढे बसायची ती. आता गुडघे गेलेत तिचे, वेण्याही गेल्या. तिनं मला लिफ्टमध्ये ओळखलं, आणि दुसऱ्या दिवशी सूनबाई माझ्या दारात हजर.

"काकू, मी किती दिवसांपासून असं माणूस शोधून राहिली होती," ती म्हणाली. "आई म्हणतात तुमच्या अण्णांसारखी गोष्ट पुण्यात कोणी सांगतच नव्हतं. ह्या वर्षी तुम्ही त्यांची गोष्ट सांगून द्या ना. ती अस्वलाची."

मी हो म्हणाले. विचारही केला नाही, चहा टाकता टाकता हो म्हणाले, जणू गोष्ट म्हणजे साखर, डब्यात असणारच. ती गेल्यावर स्वतःसाठी पुन्हा चहा ठेवला आणि गॅसपाशी उभी राहून मनातल्या मनात गोष्ट सुरू केली. एक होतं अस्वल. एका सकाळी उठलं तर अंगावरचे सगळे केस गळून पडलेले. तळ्यात बघितलं तर आत भलताच कुणी. मग ते केस मागायला निघालं. मेंढीकडे गेलं, मेंढी म्हणाली थंडीत मी काय पांघरू? मक्याकडे गेलं, नारळाकडे गेलं, नारळ म्हणाला शेंडी देतो पण वर चढून घे, आणि टकलं अस्वल सारखं घसरायला लागलं. मग घरटं विणणाऱ्या सुगरणीकडे गेलं. सुगरण म्हणाली, तुला केस विणून देते, पण एक अट आहे. चहा उतू गेला, अण्णा. अट काय होती?

तुमचा गुरुवार सुट्टीचा. बाकीचे दिवस तुम्ही स्वारगेटच्या स्टँडवर माईकपुढे बसून गाड्या पुकारायचात, आणि गुरुवारी संध्याकाळी आपल्या इमारतीच्या पायऱ्यांवर गोष्ट. हे कुणी सुरू केलं मला माहीत नाही. मला कळायला लागलं तेव्हा ते चालूच होतं. मुलांनी येताना घरून एक पुस्तक आणायचं, आपापसांत बदलून घ्यायचं आणि पुढच्या गुरुवारी परत करायचं, असा तुमचा नियम होता. घरात पुस्तकच नसेल तर छापलेलं काहीही चालायचं. एकानं रेशनकार्ड आणलं होतं. ते तुम्ही उघडून, चष्मा लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंत आणि "पात्रं बरी आहेत, पण गोष्ट पुढे सरकत नाही" म्हणून परत दिलंत. मागे घोळका करून उभ्या राहणाऱ्या मोठ्या माणसांना तुम्ही म्हणायचात, "उभ्यानं ऐकायला ह्या बातम्या नाहीत. बसा, नाहीतर निघा." एका मुलानं विचारलं, काका, ही गोष्ट खरी आहे का? तर म्हणालात, "खोटी असती तर तिकीट लावलं असतं." त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

आणि मी हुंकार देणारी. आता मुलांना हुंकार म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. सांगणारा एक वाक्य सांगून थांबतो, ऐकणाऱ्यांतल्या एकानं 'हं' म्हणायचं, की पुढचं वाक्य. 'हं' आला नाही तर गोष्ट तिथेच राहते. साधं वाटतं. पण तुम्ही मला ते एखादं वाद्य शिकवावं तसं शिकवलंत. अस्वल चालत असेल तर हं आखूड. संकट आलं तर हं लांब आणि खाली उतरणारा. मान डोलवायची नाही, मान नंदीबैलही डोलवतो. आणि तुम्ही उजवा तळहात वर धरलात की हुंकार द्यायचा नाही, श्वाससुद्धा जपून घ्यायचा. पण खरा नियम वेगळाच होता. "हुंकार देणाऱ्याला गोष्ट ठाऊक असून चालत नाही," तुम्ही म्हणायचात. मी म्हणाले, पण ही तर मी मागेच ऐकली. "मग विसर." कशी विसरू? "ते तुझं तू बघ. ठाऊक असलेल्या माणसाचा हं पोकळ येतो, मला लगेच कळतं."

मी बघितलं माझं मी. गोष्ट संपली की जिना चढताना एकेका मजल्यावर तिचा एकेक तुकडा टाकून यायचं, असं मी ठरवलं. पहिल्या मजल्यावर सुरुवात, दुसऱ्यावर मधलं, आणि आपल्या दाराबाहेर, पायपुसण्यावर, शेवट. घरात शिरताना हात रिकामे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही. मुलं करतात तसले खेळ असतात ते, पण मी तो इतक्या मन लावून खेळले की तो खरा झाला. पुढच्या वेळी अस्वलाचे केस गळायचे आणि मला खरंच धक्का बसायचा. आता ती इमारतही पाडली, अण्णा. तिथे टॉवर झालाय. शेवट टाकला होता त्या जागी जाऊन शोधावं म्हटलं तरी सोय राहिली नाही.

एकदाच चुकले. मी पाचवीत असेन. वसाहतीत नवीन मुली राहायला आल्या होत्या आणि मला त्यांच्यापुढे मिरवायचं होतं. तुम्ही म्हणालात, "अस्वलानं तळ्यात डोकावून बघितलं, आणि," एवढ्यात मी जोरात हं म्हणाले. त्यानं काय बघितलं ते तुम्ही अजून सांगितलंच नव्हतं. तुम्ही थांबता. माझ्याकडे बघता. आवाज अजिबात चढत नाही, तुमचा तो कधी चढायचाच नाही. "तुला ठाऊक आहे ना पुढचं? मग सांग तू. मी चहा घेऊन येतो." आणि खरंच उठून जाता. चपलांचा आवाज एकेक मजला वर जातो. सगळी मुलं माझ्याकडे बघतायत, दोन वेण्यांची तर तोंड उघडं टाकून बघतेय. मी सांगायला तोंड उघडते आणि बाहेर काय येतं, तर हं. सगळे हसले. तुम्ही सावकाश चहा पिऊन आलात, बसलात, आणि तळ्यापासून पुढे सुरू केलंत. त्या दिवशी नाही, त्यानंतरही कधी, त्यावर एक शब्द बोलला नाहीत. मला वर्षानुवर्षं ती शिक्षा वाटत आली. ह्या आठवड्यात पहिल्यांदा मनात आलं, की ती शिक्षा नसेल. तुम्ही खरोखरच जागा रिकामी करून दिली असेल, सांग म्हणून, आणि मी ती घेतली नाही. काल मला हे अगदी पटलं होतं. आज सकाळी परत शिक्षाच वाटायला लागली.

त्यानंतर काही दिवसांनी तुम्ही माझ्यासाठी अप्पा बळवंत चौकातून एक पुस्तक आणलंत. एका हरवलेल्या छत्रीचं होतं, प्रत्येक पानावर चित्र. तुम्ही माझ्यासाठी म्हणून आणलेली तेवढी एकच वस्तू मला आठवते. बाकीचं सगळं आई आणायची आणि तुमचं नाव सांगायची. आपण स्वयंपाकघरात बसलोय. तुम्ही मेथी निवडताय, आई पोळ्या लाटतेय. तुम्ही म्हणता, "वाच. आज हुंकार मी देतो." मी वाचायला लागते आणि तुमचा हं येतो तो कुठेही. शब्दाच्या मध्येच येतो. पान उलटलं की येतो. एकदा कुकरच्या शिट्टीला दिलात. पहिल्याच हंला आई लाटणं थांबवून म्हणाली, "अहो, ती अजून पुस्तकाचं नावच वाचतेय." मी हसून हसून आडवी झाले. तुम्ही मात्र अगदी गंभीर. जुडीतली एक काडी हातात धरून म्हणालात, "अवघड आहे हे." हुंकाराबद्दल म्हणालात की मेथीबद्दल, हेसुद्धा मी आता छातीठोकपणे सांगू शकत नाही. इतकी वर्षं मात्र मी ते माझं कौतुक म्हणून जपून ठेवलं होतं.

रविवारच्या आधी मी त्या दोन वेण्यांवालीच्या घरी गेले. म्हटलं, हिला विचारू, ही पुढे बसायची.

"अस्वल शेवटी मेलं ना?" ती म्हणाली.

"छे. शेवटी सगळे हसायचे. मला माझे हं आठवतात. सुगरणीनंतर तीन छोटे, उचकीसारखे, मग एक लांब, आणि मग हशा."

"काय सांगतेस? मी रडत घरी गेले होते. आईनं विचारलं कुणी मारलं म्हणून."

"बरं, केस मिळाले का त्याला?"

"केसांचं होतं का ते?" ती गोंधळली. "मला वाटलं शेपटीचं होतं."

तिनं उरलेला चहा माझ्या कपात ओतला. मग ती म्हणाली, "खरं सांगू का, अगं, आम्ही तुझ्या अण्णांकडे बघतच नव्हतो. तुझ्याकडे बघायचो. तू हं कसा म्हणतेस त्यावरून कळायचं, घाबरायचं की हसायचं. तुला एकदा ताप होता बघ, तेव्हा त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी बसवलं होतं. मी तिथेच झोपले."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरी येऊन मी तुमच्यावर चिडले, अण्णा, चांगली तासभर चिडले. लोकांचे वडील मुलींना गोष्टी देऊन जातात. तुम्ही मला गोष्ट विसरायला शिकवून गेलात, आणि मी गुणी मुलगी, पहिला नंबर काढला. तुम्हाला कळलं नव्हतं का, की एक दिवस तुम्ही नसाल आणि लोक माझ्याकडे येतील? का तुम्हाला दुसरं कुणी ती सांगायला नकोच होतं? आई एकदा म्हणाली होती, "त्यांना पुढे कुणी नको असतं, शेजारी लागतं." तेव्हा मला ती तुमची तारीफ करतेय असं वाटलं होतं.

आणि मग मला स्वारगेट आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत आईनं मला तुमचा डबा द्यायला पाठवलं होतं. तुमची ती काचेची खोली, वर करकरणारा पंखा, टेबलावर माईक आणि त्याचं काळं बटण. तुम्ही मला कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलंत. मी तुम्हाला तिथे बोलताना पहिल्यांदाच ऐकत होते आणि मला तो आवाज तुमचा वाटेचना. नाकातून येणारा, सपाट, सातारा, कोल्हापूर, फलाट क्रमांक अमुक. बोचकी घेतलेली माणसं गाडीकडे धावत होती, तुमच्याकडे कुणी बघत नव्हतं. एक जण खिडकीशी येऊन म्हणाला, "अहो, तुम्ही काय पुकारता ते काही कळत नाही." तुम्ही म्हणालात, "मग इथे येऊन माझा चेहरा बघून काय कळणार आहे?" तो गेला. तुम्ही माईक सुरू करून सासवडची गाडी पुकारलीत, आणि तेच पुन्हा पुकारण्याआधी श्वास घ्यायला थांबलात.

मी म्हणाले, हं.

सवयीनं म्हणाले. वाक्य संपलं, तुम्ही थांबलात, मी हुंकार दिला. तो माईकमध्ये गेला आणि अख्ख्या स्टँडवर घुमला. सासवडला निघालेली सगळी माणसं जागच्या जागी थांबली आणि वर कर्ण्याकडे बघायला लागली. हमालसुद्धा बघायला लागले. तुम्ही पटकन बटण बंद केलंत आणि भिंतीकडे तोंड फिरवलंत. तुमचे खांदे हलत होते. हसत होतात की दुसरं काही, मला दिसलं नाही. बऱ्याच दिवसांनी आईला विचारलं तर म्हणाली, "त्यांनाच विचार." मी विचारलं नाही. आता विचारते. दिवसभर तुम्ही बोलत होतात आणि त्या सगळ्या गर्दीतलं कुणी कधी हं म्हणत नव्हतं. गुरुवार त्यासाठी होता का? आम्हा मुलांसाठी म्हणून जे होतं असं सगळी वसाहत अजून सांगते, ते तुमच्यासाठी होतं का? तसं असलं तर मला राग येत नाही. फक्त मग मी कोण होते, ते नव्यानं बघावं लागेल.

रविवार आला. दिंडी झाली, अदलाबदल झाली, संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये सतरंज्या घातल्या. मुलं बसली, कुणी वाघ, कुणी चेटकीण, एक छोटी मुलगी पुठ्ठ्याची शिंगं लावून हरीण झालेली. दोन वेण्यांची मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत. सूनबाईनं माझ्या हातात माईक दिला आणि तुमच्याबद्दल इतकं बोलली की ते तुम्हीच की दुसरं कुणी, असं मला वाटायला लागलं. मी शेवट जुळवून नेला होता, खोटं कशाला सांगू. सुगरण केस विणते, अस्वल खूश, सगळे आनंदात. गुळगुळीत. मला तो अजिबात आवडला नव्हता, पण वेळ निभावायला पुरेसा होता.

"एक होतं अस्वल," मी म्हणाले आणि थांबले. हं आला नाही. मुलं माझ्याकडे टीव्हीकडे बघावं तशी बघत होती, छान, शांत, काही न मागता. मी म्हणाले, "बाळांनो, हं म्हणायचं असतं." मग सगळ्यांनी मिळून असा काही हं ठोकला की वाघाचे कान पडले. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच, आणखी जोरात. मी म्हणाले राहू दे. अस्वल मेंढीकडे गेलं, मक्याकडे गेलं, नारळावरून घसरलं, मुलं हसली, सगळं ठीक चाललं होतं, पण मला आपण एका पायावर चालतोय असं वाटत होतं. दोन वेण्यांवालीची मान खाली गेली होती. तिला झोप लागली होती. मी सुगरणीपर्यंत आले. "सुगरण म्हणाली, तुला केस विणून देते, पण एक अट आहे." आणि माझा उजवा तळहात आपोआप वर गेला.

काय शांतता झाली, अण्णा. तुमच्यासारखीच. बाहेर लिफ्टचं दार उघडल्याचं ऐकू आलं. आता माझा गुळगुळीत शेवट सांगायचा होता. तो तोंडाशी आला आणि मला लाज वाटली. हात तसाच वर धरून मी उभी. सूनबाई कडेनं ओठ हलवून विचारत होती, काकू, काय झालं? पायऱ्यांवर तुम्ही मला सोडून चहाला गेला होतात ना, अगदी तस्सं.

तेव्हा शिंगंवाली म्हणाली, "मग ना, सुगरण म्हणाली, तू आधी मला घाबरवून दाखव. कारण टकल्या बेअरला कुणीच घाबरत नाही."

"हं," मी म्हणाले.

माईक माझ्या तोंडाशी होता. तो हं सगळ्या क्लबहाऊसमध्ये घुमला, दारातून बाहेर पार्किंगमध्ये गेला. मुलं एकदम माझ्याकडे बघायला लागली, आणि मागच्या खुर्चीत दोन वेण्यांची खडबडून जागी झाली. मी माईक शिंगंवालीला दिला आणि तिच्या डाव्या हाताला सतरंजीवर बसले. गुडघे कुरकुरले, पण बसले. ती थांबली की मी हं. ती म्हणाली अस्वल ओरडलं पण आवाजच आला नाही, मी लांब आणि खाली उतरणारा दिला, वाघ झालेला मुलगा दचकून शेजारणीला चिकटला. मध्येच कुणी म्हणालं, "ए, बेअरला सलूनमध्ये अलाऊड नसतं," त्यावरून भांडण झालं, ते मिटलं, मी तिथेही हं दिला. मला पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. एकही हं पोकळ गेला नाही. शेवट झाला तेव्हा मुलं हसत होती आणि दोन वेण्यांची डोळे पुसत होती, किंवा ते झोपेचं पाणी असेल.

आणि आज सकाळी सूनबाई आली. तिला त्या गोष्टीचं छोटं पुस्तक करायचंय, मुलंच चित्रं काढणार, पुढच्या वर्षी पालखीत ठेवणार. शिंगंवालीला विचारलं तर ती आता वेगळंच सांगतेय, रविवारचं तिला आठवत नाही. सासूबाई म्हणतात अस्वल मेलं. "काकू, तुम्ही तर तिच्या बाजूलाच बसून होत्या. तुम्हाला तर माहीतच असन. शेवटी काय झालं?"

मला आठवेना, अण्णा. तीन छोटे हं आठवले, मग एक लांब. क्लबहाऊसमधून घरी येताना मी लिफ्ट न घेता जिन्यानं चढले होते, का कोण जाणे. तिला म्हटलं, बघून सांगते. आता कुठे बघू ते कळत नाही. हे विसरणं मला चांगलं आलं की माझ्यातलं काहीतरी कायमचं मोडलं, तेही कळत नाही, आणि तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारण्यासारखं हे नाहीये.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. पुस्तकांच्या कपाटातही ठेवणार नाही, कुणाच्या हाती लागलं तर उगाच छापतील. एवढंच कबूल करते. लिहिताना दर थोड्या वेळानं मी पेन उचलून थांबत होते. आधी वाटलं बोटं दुखतायत. बोटं दुखत नव्हती. तुमचा हं आला असता तरी तो चुकीच्या जागी आला असता, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी थांबत होते. आताही थांबले आहे.